वाचकांचे प्रश्न : नव्या शहराजवळचा कातळ कसा पारखावा?

प्रस्तरारोहणाविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एक वाचक मराठवाड्यातून बाहेर जाण्याच्या विचारात आहेत, दुसरे मराठवाड्यात येत आहेत आणि तिसऱ्यांना आपल्याच तालुक्यातला दगड दिसतो आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न मोठा असल्याने त्याचे उत्तरही मोठे झाले आहे.

प्रश्न : मी मूळची लातूरची असून सध्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथील एका कारखान्यात अभियंता आहे. येथील गिर्यारोहकांच्या गटाबरोबर सातमाळा रांगेतल्या काही कड्यांवर आणि सुळक्यांवर मी चढले आहे, मात्र ते नेहमी दुसऱ्या क्रमांकाने, म्हणजे वरून दोर असताना. आता पुढे राहून दोर वर नेण्याचे शिकावे, अशी फार इच्छा आहे. पुणे आणि हैदराबाद अशा दोन ठिकाणांहून नोकरीचे प्रस्ताव आले आहेत. पगार जवळपास सारखा आहे आणि लातूरला येण्याजाण्याच्या अंतरातही मोठा फरक नाही. घरी सांगायला संकोच वाटतो, परंतु निर्णय मी कड्यांकडे पाहूनच घेणार आहे. नकाशावर शोध घेतला, तर रिसॉर्ट, कृत्रिम भिंती आणि किल्ले एकाच यादीत येतात. कोणते शहर निवडावे, आणि तेथे जाण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी?

उत्तर : संकोचाचे कारण नाही. आठवड्याचे पाच-सहा दिवस कामाला दिल्यानंतर उरलेला एक दिवस कोठे आणि कसा जाईल, याचा विचार करून गाव निवडणे हे शहाणपणाचेच आहे. मात्र हा विचार करताना बहुतेक जण ‘किती किलोमीटरवर किती कडे’ या हिशेबाने सुरुवात करतात, आणि तो हिशेब फसवा असतो. आधी दगड कोणता ते पाहावे, मग आपल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल ते पाहावे, आणि अंतराचा विचार त्यानंतर करावा.

आपण आजवर ज्या दगडावर चढला आहात तो बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यातले घट्ट थर उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहिले आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेले सच्छिद्र थर झिजून त्यांच्या जागी गवताळ टप्पे आणि घसारा आला. म्हणूनच सह्याद्रीत आणि सातमाळ्यात एक सरळ कातळटप्पा, मग मुरमाड उतार, मग पुन्हा कातळ, असा क्रम सापडतो. लाव्हा निवताना आकसल्यामुळे पडलेल्या उभ्या भेगा आरोहकाला उपयोगी असतात, पण त्याच भेगांवरून दगडाचे ठोकळे सुटतात. हाताने ठोकून आवाज पोकळ आला तर ती पकड सोडून द्यावी, हे आपल्याला आपल्या गटाने शिकवलेच असेल. बेसॉल्टवर चढणारा माणूस दगड वाचायला शिकतो, घसाऱ्यावर पाऊल कसे टाकावे ते शिकतो, आणि खालच्या सोबत्याच्या डोक्यावर दगड जाऊ नये म्हणून दोर कसा वळवावा हेही शिकतो. पुण्याला गेलात, तर हेच शिक्षण पुढे चालू राहील.

हैदराबादचा दगड अगदी वेगळा आहे. तेथील ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, अखंड आणि खरखरीत. थरांऐवजी तेथे गोलाई आलेले प्रचंड धोंडे आणि तिरप्या, गुळगुळीत दिसणाऱ्या भिंती असतात. त्यांवर बोटांना धरायला फारसे काही मिळत नाही. बुटाच्या तळव्याचे घर्षण आणि शरीराचा तोल यांच्या बळावर वर जावे लागते. सुटे दगड कमी असल्याने मन लवकर निर्धास्त होते आणि हालचालीकडे पूर्ण लक्ष देता येते, त्यामुळे तंत्र झपाट्याने सुधारते. दुसरी बाजू अशी, की भेगा कमी असल्याने नट किंवा फ्रेंड (दोर अडकवण्यासाठी भेगेत बसवायची, नंतर काढून घेता येणारी साधने) लावायला जागा थोड्या मिळतात, आणि आधीपासून बोल्ट, म्हणजे दगडात कायमचे बसवलेले धातूचे खिळे, ठोकलेले नसतील तर पुढे राहून चढणे कठीण होते. धोंड्यांवर दोराशिवाय, खाली क्रॅश पॅड, म्हणजे जाड गादी, अंथरून केले जाणारे बोल्डरिंग मात्र तेथे भरपूर करता येते.

हवामानाचा फरकही मोठा आहे. लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर तेथील कडे चढण्यासारखे नसतात, आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस भेगांतून पाणी झिरपत राहते व टप्प्यांवर गवत माजलेले असते. हैदराबादला पाऊस त्या मानाने फारच कमी, आणि सर ओसरून ऊन पडले की उघडा ग्रॅनाइट थोड्या वेळात कोरडा होतो. तेथे उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये दगड इतका तापतो की पहाटेचे दोन-तीन तास सोडले, तर हात टेकवत नाही. पुण्याचा आरोहक चार महिने कृत्रिम भिंतीवर सराव करून ऑक्टोबरची वाट पाहतो आणि हैदराबादचा आरोहक वर्षभर थोडे थोडे चढत राहतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

आता आपल्या खऱ्या इच्छेकडे येतो. आपल्याला पुढे राहून दोर न्यायचा आहे. ही गोष्ट पुस्तकातून किंवा चित्रफिती पाहून शिकता येत नाही. ज्याने आपल्या डोळ्यांदेखत अँकर, म्हणजे दोर कड्याला पक्का बांधण्याची जागा, रचला आहे आणि ज्याचा अँकर आपण स्वतः तपासला आहे, अशा अनुभवी माणसाच्या मागे बराच काळ राहावे लागते. या बाबतीत माझे मत पुण्याच्या बाजूने आहे. सुळक्यांवर चढण्याची परंपरा तेथे कित्येक दशकांची आहे. खंडाळ्याची नागफणी, तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारे आणि शिकणारे एकत्र गेले आहेत. १९८२ साली स्थापन झालेल्या आणि २०१२ साली एव्हरेस्ट मोहीम यशस्वी केलेल्या ‘गिरिप्रेमी’सारख्या संस्थेने पुढे शिक्षणासाठी स्वतंत्र संस्थाही उभी केली. शिवाय अपघात झालाच तर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी बचावकार्यात मुरलेली मंडळी त्या भागात आहेत. गाव निवडताना सहसा कोणी हा मुद्दा लक्षात घेत नाही, परंतु उंच टप्प्यावर घोटा मोडलेल्या सोबत्याजवळ बसून राहण्याची वेळ आली, तर त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही उरत नाही. दगड हैदराबादचा सरस आहे, हे मला मान्य आहे. तरीही आपण जे शिकू इच्छिता त्यासाठी मी पुण्याला जाईन.

हे मत आंधळेपणाने स्वीकारू नये, कारण शहर या नावाखाली फार मोठा पसारा येतो आणि त्यात आपले कार्यालय कोठे आहे यावर बरेच काही ठरते. हैदराबादजवळचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे भोंगीर. एकाच अखंड खडकाचा तो डोंगर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर वरंगळच्या रस्त्याला, म्हणजे पूर्वेकडे आहे, तर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये गच्चीबावली आणि माधापूर या पश्चिम भागात आहेत. मधले सगळे शहर ओलांडायचे किंवा बाह्य वळणरस्त्याने लांबून जायचे, म्हणजे ते ५० किलोमीटर कागदावरच राहतात. पुण्यातही हिंजवडीला राहणाऱ्यास खंडाळा जवळ पडतो, खराडीच्या माणसाला तेवढ्यासाठी आधी अख्खे पुणे पार करावे लागते. प्रस्तावाच्या पत्रातला कार्यालयाचा पत्ता पाहा, आणि जाण्याचा वेळ पहाटे पाचचा व परतण्याचा वेळ रविवारी संध्याकाळचा धरून मोजा. पहाटे रिकामा असलेला द्रुतगती मार्ग रविवारी संध्याकाळी वेगळाच असतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सरावाची कृत्रिम भिंत गाठता येईल का, हेही त्याच वेळी पाहून ठेवा, कारण घाटातल्या पावसाळ्याचे चार महिने त्या भिंतीच्याच आधाराने काढायचे आहेत.

खात्री करून घेण्याचा माझ्या माहितीतला एकच भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे होकार कळवण्यापूर्वी तेथील आरोहकांबरोबर एक दिवस घालवणे. संस्थेला दूरध्वनी करताना ‘तुमच्याकडे प्रस्तरारोहण होते का’ असे विचारू नये, त्याला सगळे होच म्हणतात. गेल्या हिवाळ्यात तुमचे सभासद कोणकोणत्या मार्गांवर चढले, पुढे कोण होते, नव्या माणसाला पुढे जाऊ देण्यापूर्वी तुम्ही काय तपासता, दोर आणि हार्नेस (दोर बांधण्यासाठी कमरेला घालायचा पट्टा) कधी बाद करता, असे विचारावे. ज्यांची उत्तरे ठोस येतात त्यांच्याबरोबर एका रविवारी जावे. तेथे गेल्यावर सर्वांत चांगला चढणारा कोण याकडे फार लक्ष देऊ नये. बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणारा, माणूस गप्पा मारताना दोरावरचा हात सोडतो का, चढण्यापूर्वी जोडीतले दोघे एकमेकांची गाठ आणि कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) तपासतात का, हेल्मेट फक्त छायाचित्रापुरते आहे का, आणि एखाद्याने भीती वाटते असे सांगितल्यावर बाकीचे काय बोलतात, हे पाहावे. ज्या गटात भीती वाटते असे म्हणणाऱ्याला हसले जाते, त्या गटाचा कडा कितीही देखणा असला तरी त्यात जाऊ नये.

कड्यावर आधीपासून ठोकलेले बोल्ट दिसले, तर ते कोणी आणि कधी ठोकले हे विचारल्याशिवाय त्यांवर वजन टाकू नये. सह्याद्रीत अनेक ठिकाणी जुन्या काळच्या साध्या लोखंडी मेखा अजून आहेत. घाटातल्या दमट हवेत त्यांचा बाहेर दिसणारा भाग ठीक वाटतो आणि दगडातला भाग गंजून गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट पुणे आणि हैदराबाद या दोन्ही पर्यायांना लागू आहे. कर्नाटकातील बदामीचा तांबडा वालुकाश्म दोन्ही शहरांतून रात्रभराच्या प्रवासावर आहे, आणि लातूरला सुट्टीसाठी आल्यावर तर सोलापूरहून गदगकडे जाणारी रेल्वे थेट बदामीला पोचवते. आडव्या थरांमुळे तेथे बोटांना छान कडा मिळतात, बोल्ट लावलेले मार्ग पुष्कळ आहेत, आणि पुढे राहून चढण्याचा पहिला सराव करायला आपल्या भागातून त्यासारखे दुसरे ठिकाण नाही. फक्त पावसानंतर तो दगड पूर्ण वाळेपर्यंत चढू नये. ओला वालुकाश्म कमजोर होतो, पकडी तुटतात, आणि त्यात आपल्याबरोबर पुढच्या सगळ्यांचे नुकसान होते.

प्रश्न : ठाण्याहून शेंद्रा औद्योगिक वसाहतीत माझी बदली झाली आहे. आम्ही पतिपत्नी मुंब्रा आणि बेलापूर येथे नियमित चढत होतो. छत्रपती संभाजीनगरात आमचे कसे होईल? दौलताबादचा कडा पाहून तर हात शिवशिवतात.

उत्तर : दौलताबादचा कडा मनातून काढून टाकावा. तो किल्ला, वेरूळ, अजिंठा, पितळखोरे आणि शहराजवळची लेणी ही १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली संरक्षित स्थळे आहेत, आणि तेथे मेख ठोकणे तर दूरच, पकडीसाठी खडूची पूड लावलेले हात लावणेही गैर आहे. देवगिरीचा कडा शत्रूला चढता येऊ नये म्हणून माणसांनी छिन्नीने तासून उभा केला. तो निसर्गाचा कडा नसून कारागिरांचे काम आहे, आणि त्याचा मान त्याच भावनेने राखला पाहिजे. कन्नडकडच्या गौताळा परिसरात सुंदर कडे आहेत, पण ते अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय दोर काढू नये.

आपल्याला बेलापूरसारखे, काम संपल्यावर जाता येईल असे धोंडे शहराला लागून मिळणार नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. त्याऐवजी रविवार मिळेल. मनमाडच्या लोहमार्गावर अंकाई स्थानक आहे. तेथून अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले समोरच दिसतात आणि त्याच परिसरात हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा उभा सुळका आहे. त्याचा शेवटचा टप्पा दोर, साहित्य आणि पुढे राहून दोर नेणारा माहीतगार आरोहक यांच्याशिवाय करण्याचा नाही, आणि उतरताना चढण्यापेक्षा जास्त सावधपणा लागतो. टंकाईवरील जैन लेणीही संरक्षित आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. तेथून पश्चिमेकडे सातमाळा रांग धोडपपर्यंत आणि त्याही पुढे पसरली आहे, आणि एवढ्या कातळाला कित्येक हिवाळे पुरतील.

मुंबईकडच्या आरोहकांना येथे दोन गोष्टी नव्या वाटतील. ऊन त्यांतली पहिली. फेब्रुवारी संपता संपता पश्चिमेला तोंड असलेल्या भिंती दुपारी चढण्यासारख्या राहत नाहीत. सकाळी पश्चिमेची आणि दुपारनंतर पूर्वेची भिंत, असा क्रम ठेवावा, आणि पाणी वर मिळेल असे गृहीत धरू नये. टाकी बहुधा आटलेली असतात. दुसरी गोष्ट आग्या मोहोळांची. उंच कड्यांच्या पुढे आलेल्या छताखाली ही मोहळे दरवर्षी त्याच त्या जागी बसतात. चढाईच्या आदल्या दिवशी दुर्बिणीतून पूर्ण कडा न्याहाळावा, गावातल्या गुराख्याला विचारावे, उग्र अत्तर लावू नये आणि कड्याखाली चूल पेटवू नये. मोहोळ दिसले, तर त्या दिवशी तो कडा सोडावा. दोरावर अडकलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. कड्याच्या कपारीत गिधाडांची किंवा शाहीन ससाण्याची घरटी दिसली, तरी असेच करावे.

शहरात गिर्यारोहकांचे गट आहेत आणि त्यांच्यात मोठी कामगिरी केलेली माणसेही आहेत. रफिक शेख यांनी २०१६ साली आणि मनीषा वाघमारे यांनी २०१८ साली एव्हरेस्ट गाठले, ते याच शहरातून जाऊन. आपल्यासारख्या, नियमित चढणाऱ्या आणि स्वतःचे साहित्य असणाऱ्या जोडप्याची येथे गरज आहे. पदभ्रमण करणारे पुष्कळ असले, तरी दर आठवड्याला दोर बांधणारे थोडे आहेत. आपण मुंबईकडे जे शिकलात ते येथील दोन-चार तरुणांना शिकवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सोबती आयते मिळाले नाहीत तर ते असेच तयार होतात.

प्रश्न : आम्ही देगलूर तालुक्यात राहतो. आमच्या परिसरात माळावर मोठमोठे गोल धोंडे आहेत. नववीतला मुलगा मित्रांसह त्यांवर चढत असतो. त्याला अडवावे की शिकवावे? त्यासाठी मोठ्या शहरात ठेवावे लागेल का?

उत्तर : शिकवावे, आणि त्यासाठी त्याला एवढ्यात घराबाहेर ठेवण्याची गरज नाही. आपण ज्या दगडाविषयी लिहिता त्याची मराठवाड्यातल्या बहुतेकांना कल्पनाच नसते. उरलेला मराठवाडा बेसॉल्टचा, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर-बिलोलीच्या भागात लाव्ह्याचे आवरण संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. हैदराबादचे आरोहक ज्या दगडासाठी गाडी काढतात, त्याच जातीचा दगड आपल्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर आहे.

आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील मालावत पूर्णा ही मुलगी भोंगीरच्या अशाच खडकावर शिकली आणि २५ मे २०१४ रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षी, एव्हरेस्टवर पोचली. प्रत्येकाने तेथवर जावे असे नाही, पण एका शेतमजूर कुटुंबातील मुलीची सुरुवात कोठे झाली हे मुलाला जरूर सांगा.

आता त्याच्यासाठी चार गोष्टी ठरवून द्या. उतरण्याची वाट आधी पाहिल्याशिवाय कोणत्याही धोंड्यावर चढायचे नाही, कारण मुले चढतात सहज आणि अडकतात उतरताना. खालची जमीन सपाट करून, टोकदार दगड बाजूला काढूनच सुरुवात करायची, आणि स्वतःच्या डोक्याइतक्या उंचीपेक्षा पाय वर जाता कामा नये. एक जण चढत असताना दुसऱ्याने खाली दोन्ही हात वर करून, पडणाऱ्याची पाठ आणि डोके सांभाळायला उभे राहायचे. कपारीत हात घालण्यापूर्वी साप-विंचवासाठी काठीने पाहायचे. धोंडे कोणाच्या शेतात असतील तर मालकाला विचारावे, आणि जेथे दगडखाण चालू आहे तेथे सुरुंगामुळे धोंडे हललेले असू शकतात, म्हणून तिकडे जाऊच नये. दोर मात्र प्रशिक्षित माणूस सोबत असल्याशिवाय हाती देऊ नका. शेतातला नायलॉनचा किंवा विहिरीचा दोर पडणाऱ्याचा झटका झेलू शकत नाही. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी संलग्न संस्थांची शिबिरे होत असतात, त्यांपैकी एखाद्या शिबिरात या हिवाळ्यात त्याला पाठवा. पुढे बारावीनंतर त्याची आवड टिकली, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम करता येईल.

त्या परिसरातले धोंडे खडीसाठी फोडले जाऊ नयेत, यासाठी ग्रामसभेत बोलणारे कोणीतरी हवे. हैदराबादच्या नागरिकांनी १९९६ साली खडक वाचवण्यासाठी संस्था काढली, तोवर तेथील कितीतरी खडक इमारतींखाली गेले होते. देगलूरला अजून उशीर झालेला नाही, आणि आपण ते काम हाती घेणार असाल तर या सदराच्या पत्त्यावर अवश्य कळवा.